जो माणूसच नाही, त्याची मापे कशी घेणार?

यंदाच्या हिवाळ्यात अमरावतीपासून चंद्रपूरपर्यंतच्या गावोगावच्या यात्रांमध्ये मेणाच्या पुतळ्यांचे तंबू लागलेले दिसतात, कारण या महिन्याच्या टपालात त्याच विषयाची चार पत्रे निघाली आणि चारही पत्रांत स्पायडर-मॅन आहे. त्यामुळे या वेळचे हे सदर त्यालाच दिले आहे. पहिल्या पत्राला बरीच जागा लागली, याबद्दल बाकीच्या तिघांनी राग मानू नये.

प्रश्न : आमच्या गावच्या यात्रेत 'मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय' असा फलक लावलेला तंबू आला होता. माणशी तीस रुपये तिकीट होते. सातवीची मुले घेऊन मी गेलो. सर्वांत जास्त गर्दी स्पायडर-मॅनपुढे होती. छाती फुगवलेला, दंडांच्या बेटकुळ्या काढलेला, अगदी आखाड्यातल्या पहिलवानासारखा तो उभा होता. माझ्या एका विद्यार्थ्याने दोरीच्या आत हात घालून त्याच्या मांडीवर टिचकी मारली, तर पाण्याच्या रिकाम्या टाकीवर मारल्यासारखा आवाज आला. परत येताना मुलांनी दोन प्रश्न विचारले. हा पुतळा खरोखर मेणाचा होता का? आणि मेणाचा पुतळा करताना माणसाची मापे घेतात असे तुम्ही सांगितले, मग स्पायडर-मॅनसाठी मापे कोणाची घेतली? मला दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत.
— एक शिक्षक, दर्यापूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : गुरुजी, आपल्या विद्यार्थ्याची टिचकी नेमक्या जागी बसली. मेणाच्या गोळ्यावर टिचकी मारली तर भद्द आवाज येतो. पोकळ आणि टणक आवाज येतो तो फायबरचा, म्हणजे काचतंतूंचे कापड राळेत भिजवून साच्यात थापत तयार केलेल्या कवचाचा. आपल्याकडे बागेतील हरणे आणि दुकानांपुढील बाहुल्या त्याच्याच असतात. तेव्हा तो स्पायडर-मॅन फायबरचा होता हे धरून चालावे. मात्र एवढ्यावरून तंबूवाल्याने फसवले असा निकाल देण्याची घाई करू नये, कारण लंडनच्या मादाम तुसाद संग्रहालयातील एखाद्या पुतळ्याच्या मांडीवर टिचकी मारण्याची संधी मिळाली असती, तर तेथेही असाच आवाज आला असता. तेथील पुतळ्यांत मेणाचे मुख्यतः डोके असते. कपड्यांखाली झाकले जाणारे धड फायबरचे करतात, कारण ते हलके असते, मोडत नाही आणि कोणाला दिसतही नाही.

मग चेहऱ्यासाठीच मेण कशाला, हे मुलांना वर्गात दाखवता येईल. खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च एका जाड पांढऱ्या मेणबत्तीला टेकवून धरावा, आणि नंतर तोच टॉर्च खडूला टेकवावा. खडूच्या पृष्ठभागावर उजेड थांबतो. मेणबत्ती मात्र आतून उजळते, कारण उजेड थोडा आत शिरतो, तेथे विखुरतो आणि बाहेर येतो. आपली त्वचाही असेच करते. टॉर्चवर तळहात ठेवला की बोटांच्या कडा लाल दिसतात त्या याचमुळे. पीओपीवर कितीही चांगला रंग दिला तरी गाल रंगवलेला दिसतो, आणि मेणाचा गाल रक्तामांसाचा वाटतो, त्यामागचे मुख्य कारण हे आहे. शिल्पकार आधी लोखंडी सांगाड्यावर मातीत डोके घडवतो, त्यावरून प्लास्टरचा साचा काढतो, साच्यात रंग मिसळलेले वितळलेले मेण ओततो, कडेचे मेण थिजले की मधले उरलेले पातळ मेण पुन्हा ओतून काढतो. हाती येते ते पोकळ डोके. त्यात आतल्या बाजूने डोळे बसवतात. डोक्यावरचा केस न् केस सुईने एकेक करून मेणात खोचतात, आणि या एका कामालाच काही आठवडे लागतात. मेण थंड होताना आकसते, म्हणून मातीचा नमुना मूळ माणसापेक्षा सुमारे दोन टक्के मोठा करतात. ज्याचा पुतळा करायचा तो राजी असेल तर त्याला समोर बसवून दोनशेहून अधिक मापे घेतली जातात.

इथे आपल्या मुलांचा दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा पुष्कळ चांगला आहे. मेणाच्या पुतळ्यांचा हा सगळा व्यवसाय खऱ्या चेहऱ्याच्या भरवशावर उभा राहिला. मादाम तुसाद, म्हणजे मारी ग्रोशोल्ट्झ, १७६१ साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मली. तिची आई फिलिप कुर्टियस नावाच्या डॉक्टरकडे घरकाम पाहत असे. हा डॉक्टर मेणात शरीराचे नमुने करण्यात तरबेज होता आणि मारी त्याच्याच हाताखाली शिकली. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनखाली पडलेल्या मस्तकांवरून आपल्याला साचे घ्यावे लागले, असे तिने पुढे आपल्या आठवणींत सांगितले. १८०२ साली ती पुतळे घेऊन इंग्लंडला गेली, त्यानंतर कित्येक वर्षे गावोगाव तंबूवाल्यांसारखीच फिरली, आणि १८३५ साली लंडनच्या बेकर स्ट्रीटवर तिने कायमचे ठाण मांडले. लोक पैसे देत ते एवढ्याचसाठी की ज्याचे नाव फक्त ऐकले होते, त्याचे नाक, कपाळ, ओठ कसे होते ते हातभर अंतरावरून पाहायला मिळे. छायाचित्रे नसलेल्या काळात याची किंमत काय होती, ते वेगळे सांगायला नको.

कल्पित पात्रही त्या संग्रहालयात पूर्वीपासून आहे. परीकथेतील निद्रिस्त सुंदरीचा एक पुतळा तेथे आहे आणि तिची छाती यंत्राने श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. पण तिला चेहरा दिला गेला तो फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या मर्जीतल्या मादाम द्यु बारीचा, असे संग्रहालय सांगत आले आहे. म्हणजे नाव गोष्टीतले असले तरी नाकडोळे खऱ्याच बाईचे घ्यावे लागले.

स्पायडर-मॅनच्या बाबतीत ही सोय नाही. १९६२ साली अमेरिकेतील एका कॉमिक मासिकाच्या पंधराव्या अंकात तो पहिल्यांदा आला. लेखक स्टॅन ली यांनी ती गोष्ट आधी जॅक कर्बी या चित्रकाराकडे दिली होती, परंतु कर्बींच्या हातून नायक फार दणकट, फार वीर उतरू लागला, म्हणून ती स्टीव्ह डिटको यांच्याकडे गेली. डिटको यांनी जो काढला तो शाळेत जाणारा, हडकुळा, लांब हातापायांचा मुलगा होता. पुढच्या साठ वर्षांत शेकडो चित्रकारांनी त्याला आपापल्या परीने वळवला, सिनेमात वेगवेगळ्या नटांनी त्याचे कपडे घातले. प्रकाशकांनी त्याची उंची ५ फूट १० इंच अशी कागदावर ठरवून दिली आहे, पण उंचीवरून खांदे, मान, कंबर कळत नाही. त्यामुळे शिल्पकारापुढे मापे नसतात, चित्रे असतात, आणि तीही एकमेकांशी न जुळणारी. मालक कंपनीने मान्य केलेली चित्रे, सिनेमात वापरलेला पोशाख, आणि त्या पवित्र्यात बसू शकेल असा एखादा चपळ अंगाचा माणूस, एवढ्यावर तो काम चालवतो. सरळ सांगायचे तर तो मापे घेत नाही, मापे ठरवतो.

या कसोटीवर आपल्या यात्रेतील पुतळा पाहिला, तर माझ्या मते त्याचा खरा दोष फायबर हा नव्हता. दोष तो पहिलवान असण्याचा होता. बेटकुळ्या काढून ताठ उभा राहणारा स्पायडर-मॅन म्हणजे स्पायडर-मॅनचा पोशाख घातलेला दुसराच कोणीतरी. त्याची ओळख चेहऱ्यावरून पटूच शकत नाही, ती बसण्यावरून पटते : गुडघे कानांपर्यंत आलेले, टाचा उचललेल्या, एक हात जमिनीला टेकलेला, दुसऱ्या हाताची मधली दोन बोटे तळहाताकडे वळलेली. असा पुतळा करणे उभ्या पुतळ्यापेक्षा अवघड, कारण सगळे वजन चवड्यांवर येते आणि पायातून गेलेली सळई खालच्या चौथऱ्यात पक्की बसवावी लागते. तंबूवाल्याने बहुधा कपड्यांच्या दुकानातली बाहुली घेतली असेल. फलकावर 'मेणाच्या' ऐवजी 'प्रसिद्ध व्यक्तींच्या' एवढे लिहिले असते, तर तीस रुपयांबद्दल कोणाची तक्रार राहिली नसती.

प्रश्न : स्पायडर-मॅनच्या मेणाच्या पुतळ्याच्या मुखवट्याखाली चेहरा करतात का? आणि माझा भाऊ म्हणतो की हल्क आधी हिरवा नव्हता. हे खरे आहे का?
— इयत्ता आठवीतील विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : मुखवटा जर काढायचाच नसेल, तर त्याच्याखाली नाक, हनुवटी, गालाची हाडे यांचा उठाव लागतो, कारण ताणलेल्या कापडातून तेवढेच बाहेर दिसते. डोळे, ओठ, कातडीचा रंग, भुवया यांची काहीच गरज नसते. म्हणजे केस खोचणाऱ्या आणि डोळे बसवणाऱ्या कारागिरांना या पुतळ्यात सुट्टी! उलट बॅटमॅनचा मुखवटा नाकापर्यंतच असल्यामुळे ओठ आणि हनुवटी उघडी राहते, तेवढ्या चार बोटांच्या पट्टीत मेणाला आपले काम दाखवावे लागते. सुपरमॅनला मुखवटाच नाही, त्यामुळे तिथे पूर्ण चेहरा लागतो आणि चेहरा म्हटले की कोणत्या तरी नटाचा घ्यावाच लागतो. तू एखाद्या संग्रहालयात गेलीस तर एक गंमत करून पाहा. सुपरमॅनपुढे उभे राहून लोक 'हा तो अमका नट' म्हणतात, आणि स्पायडर-मॅनपुढे उभे राहून 'हा स्पायडर-मॅन' म्हणतात. तुझ्या आजोबांना वेताळ हा कॉमिकमधला मुखवटेवाला नायक ठाऊक असेल. १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो मराठीत घरोघरी पोचला होता. त्याच्याही मुखवट्यात डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी असत आणि आम्हाला त्याचा चेहरा पाहायला मिळाला नाही म्हणून काही अडले नाही.

तुझ्या भावाचे म्हणणे खरे आहे. १९६२ साली हल्क या अचाट ताकदीच्या कॉमिक पात्राच्या पहिल्या अंकात त्याचा रंग करडा होता. त्या काळच्या छपाईत करडा रंग पानापानावर वेगळा उतरू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा केला. छापखान्याची अडचण नसती, तर आज मेणाचे आणि फायबरचे सगळे हल्क करडे दिसले असते.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांवर जातो. अशा उन्हाळ्यात मेणाचा पुतळा टिकेल का? गावात कायमचे छोटे संग्रहालय काढावे असा आमच्या मंडळाच्या तरुणांचा विचार आहे.
— एक शेतकरी, वरोरा तालुका, जि. चंद्रपूर

उत्तर : वातानुकूलनाचा आणि अखंड विजेचा खर्च वर्षभर पेलणार नसेल, तर मेणाचा विचार सोडून द्यावा. मधमाश्यांचे मेण वितळते साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला, त्यामुळे ४६ अंशांत ते धो-धो वाहू लागणार नाही. पण मेणाचे नुकसान वितळण्याच्या पुष्कळ आधी सुरू होते. पस्तीस अंशांच्या आसपास ते हाताने वळता येईल इतके मऊ होते. मोहोळ पिळून उरलेल्या पोळ्याचा गोळा ज्यांनी दुपारी उन्हात ठेवलेला पाहिला आहे, त्यांना हे सांगावे लागणार नाही. पुतळ्यासाठी मधमाश्यांच्या मेणात दुसरी कडक मेणे मिसळतात, तरीही सतत उष्णता मिळाली की आधी बोटे वाकतात, मग कानाच्या पाळ्या लोंबतात, मान किंचित खचते, आणि खोचलेले केस सैल होतात. शिवाय पारा ४६ दाखवतो तो सावलीतला. पत्र्याच्या छताखालची हवा त्याहून तापते. मऊ झालेल्या मेणावर आपल्याकडची धूळ बसली की ती पुसताना रंगही निघतो.

स्पायडर-मॅनपुरते बोलायचे तर आपली अडचण मुळात नाहीच, कारण वर सांगितल्याप्रमाणे त्याला मेण लागतच नाही. फायबर आणि कापड यांवर तो सहज होतो. पण तरुणांना खऱ्या व्यक्तींचे, म्हणजे तुकडोजी महाराज, गाडगेबाबा यांचे पुतळे करायचे असतील, तर चेहऱ्यासाठी सिलिकॉन या रबरासारख्या पदार्थाचा पर्याय आहे. तो उन्हाने मऊ पडत नाही आणि त्यातही उजेड थोडा आत शिरतो. महाग पडतो, हे खरे. मेणाची जात पाहण्यासाठी आधी एकदा लोणावळ्याला जाऊन यावे. तेथे मेणाच्या पुतळ्यांचे संग्रहालय आहे आणि हवाही आपल्यापेक्षा सौम्य आहे. दिल्लीत मादाम तुसादची शाखा २०१७ साली कॅनॉट प्लेसला सुरू झाली होती, ती बंद पडून २०२२ साली नोएडात एका मॉलमध्ये पुन्हा उघडली. तेवढ्या मोठ्या नावालाही जागा बदलावी लागली, हे मंडळाने हिशेबात धरावे.

प्रश्न : मी पिढीजात मूर्तिकार आहे. गणपती, दुर्गा, पोळ्याचे बैल करतो. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांना स्पायडर-मॅन हवा आहे. तो करायला परवानगी लागते का? आणि मेण परवडत नाही, तर कशाचा करू?
— एक मूर्तिकार, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : परवानगीचे आधी सांगतो. स्पायडर-मॅन हे पात्र मार्व्हल कंपनीच्या मालकीचे आहे आणि ती कंपनी २००९ पासून डिस्नेच्या ताब्यात आली. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरून त्रिमितीय वस्तू करणे हेही चित्राची नक्कल करण्यातच मोडते, आणि तो हक्क चित्राच्या मालकाचा असतो. म्हणून विकण्यासाठी साचा काढून पन्नास स्पायडर-मॅन ओतणे, किंवा तिकीट लावून दाखवणे, हे परवानगीशिवाय करू नये. एका शाळेच्या एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी, पैसे न घेता केलेल्या एका पुतळ्यावरून कोणी आर्वीपर्यंत येईल असे मला वाटत नाही, परंतु कायद्याने मोकळीक आहे असा त्याचा अर्थ आपण काढू नये. तिकीट लावायचे असेल तर वकिलाला विचारलेले बरे.

आता कामाचे. आपल्या हाताला तणस, सुतळी आणि माती यांची सवय आहे, आणि नागपूरची मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा, बांबूच्या कमच्यांवर कागद चढवून उभी राहते हेही आपण पाहिले असेल. दोन्हींची सांगड घालावी. ओल्या मातीचे वजन बसलेल्या पवित्र्याला झेपणार नाही, म्हणून दहा मिलिमीटरच्या सळईचा सांगाडा वाकवून तो लाकडी पाटावर ठोकावा, त्यावर तणस सुतळीने आवळून अंग भरावे, आणि मातीऐवजी कागदाच्या लगद्याचे दोन-तीन थर द्यावेत. प्रत्येक थर पुरता वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. थंडीत याला दिवस लागतात, तेव्हा संमेलनाच्या तीन आठवडे आधी काम हाती घ्यावे. दुर्गेच्या मूर्तीला खांदे रुंद ठेवण्याची सवय असते, ती येथे आवरावी आणि अंग सडपातळच राखावे. वरून लाल आणि निळे ताणणारे कापड शिवून चढवले तर रंगकामाचा त्रास वाचतो.

सगळ्यात जास्त वेळ डोके खाईल. पुष्कळ जण आधी सगळ्या तोंडावर जाळे काढतात आणि मग त्यावर डोळे चिकटवतात. तेव्हा रेषा डोळ्यांशी जुळत नाहीत आणि चेहरा तिरका दिसतो. आधी पांढरे डोळे काळ्या कडेसह पक्के बसवून घ्यावेत. दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये, जिथे आपण गणपतीला गंध लावता, तिथे एक टाचणी टोचावी. तिथून काळा जाड दोरा कपाळाकडे, कानांकडे, हनुवटीकडे सूर्याच्या किरणांसारखा सोडत जावा आणि सरसाने चिकटवावा. सगळे उभे दोरे वाळले की मग आडवे दोरे घ्यावेत, पण ते गोल न ठेवता दर दोन उभ्या दोऱ्यांमध्ये टाचणीच्या दिशेने थोडे ओढून घ्यावेत, म्हणजे जाळे कोळ्याने विणल्यासारखे ताणलेले दिसेल. टाचणी सगळ्यात शेवटी काढावी.